जिल्हाभर गेलेलं माझं डोकं

बीडमध्ये आमचं स्टेशनरीचं दुकान आहे, अगदी शाळेसमोर. शाळेसमोरचं दुकान म्हणजे गिऱ्हाइकाची उंची कमी आणि आवाज जास्त. वह्या, रंगपेट्या, खोडरबर विकता विकता माझी पस्तिशी कधी आली ते कळलं नाही. केस मात्र त्याआधीच गेले होते. गेले म्हणजे मधले गेले. डाव्या कानावरचे शाबूत होते. ते मी हौसेनं वाढवले होते आणि रोज सकाळी खोबरेल तेलाच्या मदतीनं उजव्या कानापर्यंत पोहोचवत होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. उन्हात टोपी, गाडीवर हेल्मेट आणि वारा सुटला की मी दुकानाच्या आत, असा सगळा कारभार बसलेला होता.

मूठ झाकून ठेवायला कारण होतं. माझं लग्न जमत नव्हतं. आमच्याकडं हल्ली मुलीही पारखून घेतात. बरोबरच करतात, पण ज्याला पारखतात त्याच्या जिवाचं काय होतं ते मला विचारा. चार घरचे पोहे खाऊन झाले होते आणि चारही घरांचा निरोप एकच, "पत्रिका जुळत न्हाई." त्यातल्या दोघांनी पत्रिका मागितलीच नव्हती. शेवटी मामानं सूत्रं हातात घेतली. त्यानं माझ्या भरल्या केसांच्या काळातला एक फोटो शोधून काढला आणि मोबाइलवरून तेलगावच्या एका घरी पाठवला. मुलगी शिवणकाम करायची, तिचं स्वतःचं दुकान होतं. वडिलांना फोटो पसंत पडला आणि पुढच्या रविवारी बघायला या, असा निरोप आला. मामा म्हणाला, "आता आठ दिस वाऱ्याला भाईर पडू नको बे." मीही जपून राहायचं ठरवलं.

नेमकी दुसऱ्याच दिवशी समोरच्या शाळेत जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांची चित्रकला स्पर्धा होती. विषय होता व्यक्तिचित्र. समोर माणूस बसवायचा आणि मुलांनी तो काढायचा. चित्रकलेच्या सरांनी त्यासाठी जवळच्या पाली गावचा एक म्हातारा मेंढपाळ पक्का केला होता. कागद-रंग घ्यायला आले की सर त्याचंच कौतुक सांगायचे. काय त्या सुरकुत्या, काय त्या पांढऱ्या मिशा, काय तो लाल फेटा! "नुसता बसला तरी चित्र हाय," म्हणायचे.

मी कागदांचा गठ्ठा पोहोचवायला वर्गात गेलो, तर सर फळ्याला टेकून उभे. त्यांच्यापुढं काळ्याभोर केसांचा, गुळगुळीत तोंडाचा एक माणूस उभा होता. अंगात नातवाचा टी-शर्ट, डोळ्यांवर गॉगल. तोच तो पालीचा म्हातारा. आपलं चित्र निघणार म्हटल्यावर तो आदल्या संध्याकाळी न्हाव्याकडं जाऊन मिशा काढून, केस काळे करून आला होता.

"बाबा, मिशा कुठं हायत?" सर रडवेल्या आवाजात म्हणाले.

"काढल्या की. जिल्ह्याची पोरं येनार, तितं असं बावळ्यावानी बसावं का?"

"अन् फेटा?"

"धुवायला टाकला."

"आता ह्यात काढायसारखं ऱ्हायलं काय, बाबा?"

म्हातारा दुखावला. "एवढं आवरून आलो त्याचं कायच न्हाई," असं पुटपुटत तो मागच्या बाकावर जाऊन बसला. चांगलं दिसायची एवढी धडपड करावी आणि वर बोलणी खावीत, हे त्याचं दुःख त्या वर्गात मला एकट्यालाच कळलं असावं.

सरांनी सगळीकडं नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. "शेठ, तुमी बसता का? तुमचं बी तोंड चालंल."

ते 'बी' मला झोंबलं. पण खरं सांगतो, आतून बरंही वाटलं. चार घरच्या पोह्यांनंतर कोणाला तरी मी बघण्याजोगा वाटत होतो. मी खिशातला कंगवा काढला, उजव्या कानापर्यंत सगळं पोहोचल्याची खात्री केली आणि उंच स्टुलावर जाऊन बसलो.

"एकदा बसले की हलायचं न्हाई," सर म्हणाले. "तुमी हलले की पोरांचं चित्र गेलं."

लाइट गेलेली होती, त्यामुळं पंखे बंद होते आणि मी निश्चिंत होतो. अगदी पुढं दोन वेण्यांची, नववीतली एक मुलगी बसली होती. एक डोळा मिटून, जिभेचं टोक बाहेर काढून ती मला पेन्सिलीनं मोजत होती. माझे कान जरा बाहेर आलेले आहेत. ते मोजायला तिनं फार वेळ घेतला. काढायची, खोडायची, पुन्हा मोजायची. पहिला तास झकास गेला. मग लाइट आली.

माझ्या बरोबर डोक्यावरचा पंखा आधी कण्हला, मग रेंगाळला आणि मग त्यानं जोर धरला. तेलानं जमेल तेवढा वेळ तग धरला. नंतर सगळे केस एकदम उठले आणि डाव्या कानावर उभे राहिले. मग मागच्या बाकावरून म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला, "मालक, झाकन उडालं बगा तुमचं!"

सगळा वर्ग हसायला लागला. देखरेखीच्या बाईसुद्धा तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळल्या. मी घाईनं हात वर नेला, तो अर्ध्यावर असतानाच पुढची मुलगी कळवळून ओरडली, "सर, काका हलले!" तिचे डोळे भरून आले होते. कान तिला नुकते कुठं जमले होते. "हलू नका!" सर गरजले. मी त्या पोरीच्या तोंडाकडं बघितलं आणि हात खाली घेतला.

उरलेला सगळा वेळ मी तसाच बसून होतो. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं आणि समोर नुसती खरखर चालली होती. पोरं माझे केस खोडत होती. खोडरबर माझ्याच दुकानातले. गिऱ्हाइकाला मी नेहमी सांगायचो, एका घासात स्वच्छ निघतं म्हणून. त्या दिवशी मला माझ्या मालाचा पहिल्यांदा राग आला.

स्पर्धा संपल्यावर सरांना बाजूला घेऊन म्हटलं, "सर, तेवढं भिंतीला लावू नका हां कुठं."

"छे हो. निकाल लागला की ज्याचं चित्र तो घरी घेऊन जानार."

मला हायसं वाटलं. घरी जाऊन जेवायला बसलो, तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ डोक्यात शिरला. माझं टक्कल संध्याकाळच्या एस्टीनं आष्टीला निघालं होतं, माजलगावला निघालं होतं, कुठं कुठं निघालं होतं. तेलगावचीही पोरं आली होती म्हणे. पण तेलगावात काय एकच घर आहे का, अशी मी मनाची समजूत घातली आणि भाकरी पुरती संपवली.

रविवारी मी आणि मामा तेलगावला गेलो. निघताना डोक्याची बांधणी दोनदा केली. बैठकीत बसलो न बसलो तोच मुलीच्या वडिलांनी पंख्याच्या बटणाकडं हात नेला.

"पंखा नगं!" मामा जवळजवळ किंचाळला. "मला लई सर्दी हाय."

बाहेर ऊन मरणाचं तापलेलं. पाहुण्याच्या सर्दीपुढं बोलणार कोण? सगळे गुपचूप घाम पुसत पोहे खाऊ लागले. मीही कपाळ पुसायला मान वर केली, आणि समोरच्या भिंतीवर, महादेवाच्या तसबिरीशेजारी, काचेच्या चौकटीत मी. कान माझे, नाक माझं. टक्कल तर इतकं मन लावून काढलेलं, की त्यावर वर्गाच्या खिडकीचा उजेडसुद्धा पडला होता.

मामाचंही तिकडं लक्ष गेलं आणि पोहे त्याच्या घशात अडकले. खोकत खोकत तो उठला आणि चित्राला पाठ लावून उभा राहिला.

"बसा की पाव्हनं," वडील म्हणाले. "अन् ते चित्र बगा जरा. आमच्या धाकटीनं काढलंय, जिल्ह्यात पैला नंबर आला. कोन म्हातारा हाय कोनास ठावूक, पर काढलाय हुबेहूब!"

तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन धाकटी आली. त्याच दोन वेण्या. मला बघून तिनं ओठ दाबून धरले, तांब्या कसाबसा ठेवला आणि आत पळाली. आतून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, ते टकल्यालाही लागू आहे. ही पाचवी पत्रिकाही आता जुळत नाही, हे मी मनाशी पक्कं केलं.

मग मुलीला आणि मला बोलायला म्हणून बैठकीत ठेवून बाकीचे अंगणात गेले. ती समोर बसली. असल्या वेळी काय बोलायचं ते मला चार घरांच्या सरावानं पाठ होतं, पण एक वाक्य आठवेना.

"तुमी वळखलं ना?" मीच विचारलं.

"त्याच दिवशी. फोटो आदल्या दिवशी आला व्हता. दुसऱ्या दिवशी सांजच्याला बहीण चित्र घेऊन आली. दोनी शेजारी ठेवून बगितले. कान एकच."

"मग येऊ दिलं कावून?" माझा आवाज चढला. "हसायला?"

"फोटो अण्णांना पसंत पडला व्हता. चित्र बगून मी न्हाईच म्हननार व्हते," ती शांतपणे म्हणाली. "मग बहिणीनं सांगितलं, सगळी पोरं हसत व्हती, पर तिचं चित्र जाईल म्हून काकांनी वर नेलेला हात खाली घेतला. आठ दिस झाले, तिचं दुसरं बोलनं न्हाई. एवढी लाज वाटत असून कोनाच्या लेकरासाठी कोन बसतं असं?"

खरं तर थोडा मी सरांच्या आवाजालाही घाबरलो होतो, पण ते तेव्हाच्या तेव्हा सांगायची काही गरज नव्हती.

ती उठली आणि बटणाजवळ जाऊन उभी राहिली. "लई गरम व्हतंय. पंखा लावू?"

मला मामाची सर्दी आठवली. मग चार घरचे पोहे आठवले.

"लावा," मी म्हणालो.

पंखा फिरला आणि केस उठले. माझा हात सवयीनं वर निघाला.

"हलू नका," ती म्हणाली.

मी हललो नाही. तिनं एकदा भिंतीवर बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, सावकाश, माप घेतल्यासारखं.

"कान जरा मोठेच काढलेत पोरीनं," ती म्हणाली.