दोनच्या जागी एक गोळी

माझ्या धाकट्या भावाला गल्लीत सगळे टाचणी म्हणतात. अंगानं तसाच, आणि कोट शिवताना ओठांत चार-पाच टाचण्या धरलेल्या, म्हणून बोलणंही कमीच. हातानं काज करावं तर त्यानंच. गिऱ्हाइकं म्हणायची, "मशीन झक मारतं याच्यापुढे!"

दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा मी माझी एक दिली. उपकार कसला डोंबलाचा, थोरली बहीण आहे मी त्याची. पण त्या दिवसापासून हा बाबा माझं काचेचं भांडं पोटात घेऊन फिरल्यासारखा वागायला लागला.

मग बोटांना ते सुरू झालं. कातडीतून बारीक, कडक काटे वर यायचे, भोवती भेगा पडायच्या. सुई धरली की कळ थेट खांद्यापर्यंत. शहाण्यानं ते काटे शिवण उसवायच्या ब्लेडनं खरवडले, आणि मला सांगितलं, "काही नाही गं ताई, सुया टोचल्यात." वीस वर्षं सुई धरणाऱ्याला म्हणे सुया टोचतात! कान धरूनच नेला त्याला.

कातडीच्या डॉक्टरबाईंनी भिंग लावून पाहिलं. म्हणाल्या, "फार क्वचित होतं असं. नवी किडनी शरीरानं झिडकारू नये म्हणून या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात. मग अंगातला एखादा विषाणू डोकं वर काढतो. किडनीच्या डॉक्टरांशी बोललेय मी. गोळ्या दोनच्या जागी एक करा, ही नवी चिठ्ठी, आणि हे मलम लावा."

"आणि किडनी?" यानं विचारलं.

"धोका थोडा वाढतो. रक्त तपासत राहू."

इकडे आड, तिकडे विहीर.

अडीच महिने मलम चोपडलं, बोटं होती तशीच. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची, तीही शिंप्याची! दुकानात कोट अर्धे पडून राहिले. रक्त द्यायला जा म्हटलं की आज नको, उद्या जातो. शेवटी मीच ओढत नेला. रिपोर्ट पाहून डॉक्टरबाईंनी चष्मा काढला.

"रक्तात औषध पूर्वीइतकंच आहे. तुम्ही अजून दोनच घेताय."

टाचणी मान खाली घालून बसला. "ताईची वस्तू आहे ती. माझ्या बोटांपायी घालवू? कुठल्या तोंडानं?"

"अरे मूर्खा, हात गेले तर खाशील काय?" मी ओरडले.

"पण जास्तीच्या गोळ्या मिळाल्या कशा?" डॉक्टरबाईंनी विचारलं. "औषध आणतं कोण?"

तो घाईघाईनं म्हणाला, "मी जुनी चिठ्ठी द्यायचो. ताईला यातलं काही ठाऊक नाही."

मला वाचता येतं. त्यानं माझ्या हातात दिलेली चिठ्ठी जुनी आहे, ते औषधाच्या दुकानात पहिल्याच दिवशी मला कळलं होतं. तरी गप्प बसले. दर महिन्याला तीच चिठ्ठी पुढे केली. माझी किडनी वाया जायला मलाही नको होती.

"मीच आणते," मी म्हणाले. "आणि मला ठाऊक होतं."