हळद फुटबॉलमुळे कच्ची राहिली नाही

आधीच सांगून टाकते. त्या वर्षी आमच्या हळदीचे शेवटचे तीन ड्रम कच्चे राहिले, हे खरं आहे. मी फुटबॉल बघत बसले म्हणून ते कच्चे राहिले, हे मात्र साफ खोटं आहे. आमच्या इकडच्या गोरेगावच्या बाजारात, सेनगावच्या जीपमध्ये, लग्नाच्या मांडवात हे खोटं इतक्यांदा सांगितलं गेलं की आता खऱ्याला कुणी बसायला जागा देत नाही. म्हणून लिहायला बसले.

आणखी एक खोटं खोडून काढते. फुटबॉलचा नाद मला नवऱ्यानं लावलेला नाही. घरी आलेला पाहुणा टीव्हीवर हिरवं मैदान दिसलं की नवऱ्यालाच विचारतो, "काय दाजी, कोण जिंकून राह्यलं?" नवरा माझ्याकडं बघतो आणि पाहुणा हसतो. या माणसाला ऑफसाइड म्हणजे काय, हे मी चार वेळा ताटात भाकरीचे तुकडे मांडून समजावलं. चारही वेळा त्यानं मैदान खाऊन टाकलं.

माझे वडील मेंढरं राखायचे. दिवाळीनंतर कळप घेऊन बाहेर पडले की पावसाळ्यापर्यंत आई-वडील दोघंही रानोमाळ. म्हणून आम्हा बहिणींना शिरड शहापूरकडच्या एका निवासी शाळेत टाकलं. तिथं खेळाचं सामान म्हणजे एक चेंडू. सरांनी आम्हाला फुटबॉल शिकवला, कारण एका चेंडूमागं बावीस पोरी दोन तास गुंतून राहतात. मी डावीकडून बचाव करायचे. कुणीतरी शाळेला वापरलेल्या जर्स्यांचं गाठोडं दिलं होतं. त्यातली रंग उडालेली, गुडघ्यापर्यंत येणारी एक माझ्या वाट्याला आली. ती समुद्रापलीकडच्या एका खऱ्या क्लबची होती, हे मला लग्नानंतर हातात मोबाईल आला तेव्हा कळलं. क्लब काही फार मोठा नाही. एक वर्ष वरच्या गटात, दोन वर्षं खालच्या. पण मी तो निवडलाच नव्हता, तो माझ्या अंगावर येऊन पडला होता. अशी गोष्ट सोडता येत नाही.

तर गेली बारा-तेरा वर्षं मी त्या क्लबच्या मॅच बघते. बहुतेक शनिवारी संध्याकाळी असतात, म्हणजे ऐन स्वयंपाकाच्या वेळेला. पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवायचा, भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, मान वर करायची. इतक्या वर्षांत माझी एकही भाकरी करपलेली नाही. तरी चुलीपाशी बसलेल्या सासूबाई दर शनिवारी एकदा तरी म्हणायच्याच, "त्या पोराइला घरदार न्हाई का? नुसती पळून राह्यली." मी हसून सोडून द्यायचे. तेव्हा मला वाटायचं की त्याही हसण्यावारीच नेतात.

आता हळदीचं. आमच्या भागात हळद काढली की ती शिजवायला कुकर लागतो. घरातला नव्हे, ट्रॅक्टरच्या मागं ओढत आणायचा, पाण्याची टाकी, खाली जाळ आणि वर चार ड्रम असलेला. कुकरवाल्याची टोळी एका शेतातून दुसऱ्या शेतात नंबरानं फिरते. एकदा नंबर हुकला की पुढं किती दिवस, सांगता येत नाही. आणि यात सगळ्यात नाजूक काम म्हणजे ड्रम कधी उतरवायचा हे सांगणं. वाफेचा वास बदलतो, मग हळकुंड काढून काडी टोचायची. काडी अडली तर कच्चं. भसकन आरपार गेली तर जास्त शिजलं. दोन्हींच्या मधे एक क्षण असतो, तो बोटांना कळतो. माझ्या बोटांना कळतो. हे मी फुशारकीनं म्हणत नाही, वस्तीतले लोकच म्हणायचे. कुणाच्याही शेतात कुकर लागला की निरोप यायचा, "वहिनीला दोन घंटे पाठवा." मी ड्रमपाशी उभी राहून "उतरवा" म्हटलं की टोळीतली बापईमाणसं उतरवायची. दुसऱ्या कुठल्याच बाबतीत कुणी बापई माझ्या शब्दावर हललेला मला आठवत नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये माझा क्लब कपाच्या उपांत्य फेरीत पोचला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा. मॅच शनिवारी, आपल्याकडं संध्याकाळी पाचला. मी पंधरा दिवस आधी घरात सांगितलं की या एका दिवशी पाच ते सात मला टीव्हीसमोर बसायचं आहे. कामं करत करत नाही, बसून. नवरा म्हणाला, "बस की. कोण न्हाई म्हणून राह्यलं?"

आणि कुकरचा नंबर नेमका त्याच शनिवारी लागला. मी तोंडातून ब्र काढला नाही. पहाटे उठून टोळीचा स्वयंपाक केला, सकाळपासून ड्रमपाशी उभी राहिले, एकेक ड्रम टोचून उतरवला. पावणेपाचला शेवटचे तीन राहिले होते. नवऱ्याच्या हातात काडी दिली, त्याच्यासमोर एक हळकुंड टोचून दाखवलं, वास दाखवला. धाकटा दीरही तिथंच होता. नवरा म्हणाला, "तू जाय. मी बराबर पाहतो." सासूबाई लिंबाखाली बसून हळदीचे जाड गड्डे बियाण्यासाठी वेगळे करत होत्या. त्यांच्या देखत हे सगळं झालं.

मी हातपाय धुतले, टीव्हीसमोर सतरंजी टाकली आणि बसले. ते दोन तास कसे गेले, ते काय सांगू! पहिला गोल आमचा. मी एकटीच ओरडले आणि एकटीच गप्प झाले. मग त्यांनी बरोबरी केली. नव्वद मिनिटं संपत आली, वरचा वेळ सुरू झाला, आणि आम्हाला कॉर्नर मिळाला. गोलकीपरसुद्धा पुढं धावत गेला. तेवढ्यात धाकटा दीर घाईघाईनं आत आला, टीव्हीच्या डब्याची पिन बोर्डातून उपटली आणि तिथं मोबाईलचा चार्जर खोचला.

"काहून काढली?" मी किंचाळले.

"वहिनी, दोनच मिनिटं. शेवटच्या चार ओव्हरी राह्यल्यात, अन् बॅटरी उतरली."

मी पिन हिसकून परत लावली. डबा चालू व्हायला वेळ घेतो, गोल गोल काहीतरी फिरत राहतं. चित्र आलं तेव्हा आमचे खेळाडू गवतावर आडवे पडले होते. कॉर्नर वाया गेला, चेंडू उलट आला आणि गोलकीपर जागेवर नव्हता म्हणून त्यांनी गोल केला, हे मला नंतर कळलं. मी तो पाहिला नाही. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते माझ्या घरात, माझ्यासमोर, क्रिकेटच्या चार ओव्हरीसाठी विझवलं गेलं. मी रडले, आणि फुटबॉलसाठी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तेव्हा रडण्याच्या भरात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. ती बारा दिवसांनी आली. हळद वाळली तेव्हा कडेला पसरलेला शेवटच्या तीन ड्रमांचा ढीग सुरकुतलेला निघाला. हळकुंड मोडलं की आतून पांढुरकं, पिठूळ. सरळ कच्चं. म्हणजे मोबाईलची बॅटरी काही उगाच उतरली नव्हती. साडेतीनला सुरू झालेली क्रिकेटची मॅच दोघं भाऊ कुकरच्या आडोशाला बसून बघत होते. टोळीला आटपून पुढच्या शेतात जायचं होतं, त्यांनी विचारलं असेल, "उतरवू का?" आणि यांनी मान वर न करता "उतरवा" म्हटलं असेल.

नवऱ्यानं ते पांढुरकं हळकुंड हातात घेतलं, माझ्याकडं पाहिलं आणि खाली पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. तेवढ्यात दीर म्हणाला, "वहिनी मॅच पाहात बसली अन् घोळ झाला." नवरा गप्प राहिला. तिथंच निकाल लागला.

पुढं ते वाक्य गावभर फिरलं. हळद पॉलिशला नेली तिथं, "हिच्या फुटबॉलपायी." चुलत नणंदेच्या लग्नात पंगतीत, "हिच्या फुटबॉलपायी." माझ्या माहेरी पोचलं, भावानं फोन करून विचारलं, "तायडे, लेकरासारखं काय करून राह्यली?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी अख्ख्या वस्तीतले बापई क्रिकेट बघत होते. कुणाचं काही नासलं तर ते क्रिकेटपायी नासलं असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. क्रिकेट म्हणजे हवापाणी, आणि बाईचा फुटबॉल म्हणजे थेर!

पण खरा घाव पुढंच होता. शेजारच्या शेतात कुकर लागला. मी हात मोकळे करून ठेवले. निरोप आला नाही. दुसऱ्या शेतात लागला, तिथूनही नाही. बांधावरून वाफ दिसत होती, वास येत होता. ड्रम उतरवायला उशीर होतोय हे मला घरात बसून कळत होतं, आणि मला कुणी विचारत नव्हतं.

मी नवऱ्याला कोंडीत धरलं. "तुमी सांगा लोकाइला. काडी तुमच्या हातात व्हती."

"जाऊ दे ना आता. घरातली गोष्ट हाय."

"माझं नाव घेतलं तव्हा न्हाई वाटली घरातली?"

तो उठून बैलाला पाणी दाखवायला गेला. बैल नुकताच पाणी प्याला होता.

वर्ष गेलं. मी मॅच बघत राहिले, फक्त आवाज बंद करून. स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखी. आणि पुन्हा आमच्या शेतात कुकर आला. तीच टोळी. मी पहिल्या ड्रमपाशी उभी राहिले तर टोळीचा मुकादम हसून म्हणाला, "वहिनी, यंदा मॅच न्हाई ना? न्हाईतर पुना कच्ची ऱ्हायची!"

सगळे हसले. दीर सगळ्यात मोठ्यानं हसला. नवराही हसला, आणि माझ्या तोंडाचं कुलूप निघालं. मी म्हटलं, "दादा, ते तीन ड्रम उतरवताना म्या हितं व्हते का? तुमीच सांगा. कोणाला इचारून उतरवले?"

मुकादम हसायचा थांबला. त्यानं नवऱ्याकडं पाहिलं. "आता... या दोघाइला इचारलं व्हतं."

"अन् हे दोघं काय करून राह्यले व्हते?"

मुकादमानं जाळात लाकूड सारलं. मग लिंबाखालून सासूबाई बोलल्या, शांतपणे, गड्डे वेगळे करता करता. "मोबाईलमधी किरकेट पाहून राह्यले व्हते दोघं. म्या पाह्यलं. काडी तशीच पडेल व्हती."

नवऱ्याची मान खाली गेली. दीर कुणाचा तरी फोन आल्यासारखं करून बांधाकडं निघून गेला. मी जिंकले होते. पंधरा माणसांसमोर, आणि तेही सासूनं साक्ष देऊन. मला वाटलं होतं, असं झालं तर मी नाचेन.

टोळी पुढच्या शेतात गेल्यावर मी लिंबाखाली त्यांच्यासमोर जाऊन बसले. "आत्याबाई, तुमाला म्हाईत व्हतं. मग वरीसभर काहून बोलल्या न्हाई?"

मला वाटलं, म्हणतील, पोरांचं नाव कसं घ्यावं. ते मी समजून घेतलं असतं. रागावले असते, पण समजून घेतलं असतं.

त्यांनी हातातला गड्डा खाली ठेवला. "मला वाटलं, लोकाइची बोलणी बसली की तू ते पाहाणं सोडशील."

नवऱ्याला, दिराला, पाहुण्यांना, माझ्या सख्ख्या भावाला माझा फुटबॉल नुसता पोरखेळ वाटला. हे माझ्यासाठी काय आहे, ते अख्ख्या घरात एकट्या त्यांनाच नीट कळलं होतं. कळलं होतं म्हणूनच त्या वर्षभर गप्प बसल्या.