कोपराला लागलेलं बोट

खांदा आखडला म्हणून व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी माझ्या कोपराला एक पट्टा बांधलाय. हात खाली घसरला की पट्टा थरथरतो आणि मी मुकाट्याने हात वर करतो. "लक्ष दुसरीकडे असलं तरी चालेल," असं त्या म्हणाल्या. मग काय, मी व्यायाम करता करता मॅच बघतो आणि फोनवर भावाशी भांडतो.

काल असाच भांडत असताना कोपराला काहीतरी लागलं. मी हात वर केला. पुन्हा लागलं, आणखी वर केला.

"अहो, मी आहे!" बायको ओरडली. "आमटीची चव बघायला हात पुढे करा म्हणतेय, तर आभाळात काय नेताय?"

मला माझ्याच हाताची शिसारी आली. तीस वर्षं पाहुण्यांसमोर तिचं हेच बोट "आता पुरे" म्हणून माझ्या कोपराला लागतंय आणि मी एकदाही ऐकलेलं नाही. पट्ट्याचा मात्र आठवड्यात गुलाम झालो! इतका, की तिचं बोटही ओळखू आलं नाही.

तिरमिरीत पट्टा काढून फेकला. "आता लाव बोट."

तिने लावलं. हात जागचा हलला नाही.

"हां," ती म्हणाली, "आता ओळखलंत."