सरावासाठी छोटा अ‍ॅम्प

आमच्या गाण्याच्या पार्टीत वाजवायचं सामान पारखायची एकच रीत होती. गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प चालू करायचा, सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवायची, गिटारच्या तारांवर पंजा ठेवायचा आणि गप ऐकायचं. न वाजवताच जो बोंबलतो, तो परत. वाजवून पाहिलं तर भंगारही चांगलंच वाटतं.

अठरा वर्षं मी त्या गाण्याच्या पार्टीत गिटार वाजवली. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, सगळं केलं, आणि माझी जागा ठरलेली, डावीकडच्या, माणसाएवढ्या उंच स्पीकरला टेकून. मग पार्टी मोडली. दोन वर्षं गिटार पलंगाखाली पडून होती. परवा एका दुसऱ्या पार्टीचा फोन आला, सोमवारी येऊन वाजवून दाखवा. पन्नाशी उलटलेल्या माणसाला असं बोलावणं पुन्हा कोण देतं? सराव पाहिजे होता, आणि सक्करदऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत मावेल असा स्वस्तातला अ‍ॅम्प पाहिजे होता.

बायको सोबत आली. "तुमी एकटे गेले की मोठ्ठंच काहीतरी उचलून आणता," म्हणाली.

बर्डीवरच्या दुकानात पोळ्यांच्या डब्याएवढे दोन अ‍ॅम्प निघाले. जास्त स्वस्त होता तो आधी लावला. बटणं शेवटपर्यंत, पंजा तारांवर. एकदम शांत. मी खूश. "बस, हाच बांधा," म्हटलं.

दुकानदार बघतच राहिला. "काका, मजाक करून राहिले का?"

"काहून गा?"

बायकोनं दोन्ही कानांवर हात दाबले होते. "अवो, केवढी शिट्टी वाजून राहिली त्याच्यातून. डोकं उठलं माझं."

मी वाकून कान जाळीला लावला. शिट्टी कुठंच नव्हती. मग सगळ्यात बारीक तार वरच्या पट्टीत छेडली. ती बोथट वाजते म्हणून परवापासून मी दोनदा तारा बदलल्या होत्या, तारवाल्याला शिव्याही घातल्या होत्या. तारेत काही खोट नव्हती, माझ्या कानात होती. मला तिथंच, दुकानात, रडू आलं.

दुकानदार भला माणूस. त्यानं दुसरा लावला. मी पंजा ठेवला आणि बायकोच्या तोंडाकडे बघितलं. तिनं कानावरचे हात काढले. "हा चांगला आहे. काहीच आवाज नाही."

मला दोन्ही सारखेच.

"घेऊन टाका ना," ती हळूच म्हणाली. "मी बसत जाईन बाजूले. शिट्टी आली की सांगीन."

"आन सोमवारी तिथं कोण सांगन?"

दुकानदारानं न विचारताच दोन्ही अ‍ॅम्प परत फळीवर ठेवले.