भाईदासच्या गाडीचा गेलेला आवाज

कळसाडीच्या भाईदासच्या ताब्यात सरकारी जीप आली तेव्हाच तिचा सायलेन्सर फुटलेला होता. तो बदलायचा प्रस्ताव दरवर्षी निघायचा आणि दरवर्षी कुठेतरी अडायचा. कुठे, ते भाईदासने कधी सांगितलं नाही. पण प्रस्ताव टपालात टाकायचं काम त्याच्याकडे होतं, एवढं मला माहीत आहे.

त्याचं कार्यालय कोणतं ते विचारू नका, सगळीच सारखी असतात. तिथून साहेबांना घेऊन तो डोंगरातल्या पाड्यांवर तपासणीला जायचा. जीप खाली फरशीपुलावर आली, की वर पाड्यावर तिची धडधड ऐकू यायची. मग गुरुजी शाळेत शिरायचे, ग्रामसेवक शर्टाची बटणं लावायचे, दवाखान्यातली शेळी बाहेर यायची आणि नर्सबाई आत जायची. साहेब पोचेपर्यंत शासन सुरळीत चालू झालेलं असायचं. साहेब खूश, गाव खूश. आणि भाईदासला प्रत्येक पाड्यावर खाट, पाण्याचा तांब्या आणि नागलीची भाकरी. आधी वर्दी देऊन येणाऱ्या माणसावर कोण प्रेम करणार नाही?

मग कार्यालयात ऊर्जाबचत आली. जुने बल्ब गेले, एलईडी आले. ‘खुर्ची सोडताना पंखा बंद करा’ अशी पाटी लागली. ती सगळ्यांनी इतकी मनावर घेतली की काहींचे पंखे आठवडाभर बंद असत. शेवटी जीपचं वय भरलं, ती भंगारात गेली आणि तिच्या जागी विजेवरची पांढरीशुभ्र गाडी आली.

ती चालू झाली की नाही हे बघायला भाईदासने बॉनेटला कान लावला.

“मॅडम, ही ते मुकी शे.”

“मुकी नाही, भाईदास. पर्यावरणपूरक आहे,” साहेबांच्या जागी आलेल्या नव्या मॅडम म्हणाल्या. बाई मनाने चांगल्या, फक्त नियम पाठ होते.

“व्हई. पण मुकी शे.”

पहिली फेरी निघाली नवापूरकडच्या डोंगरात, लिडियाबाईच्या अंगणवाडीवर. एप्रिल महिना. गाडी रात्रभर चार्ज व्हायची होती, पण चहाच्या किटलीसाठी कुणीतरी तिचा प्लग काढलेला. अर्धी भरलेली गाडी चढाला लागली. फरशीपुलावर भाईदासने हॉर्न दाबला. कोंबडीच्या पिल्लाला सर्दी झाल्यासारखा आवाज आला.

“कुणाला वाजवलात?”

“शेळी व्हती, मॅडम.”

“कुठे आहे?”

“गई.”

अंगणवाडीला कुलूप होतं. इमारत नवी, छत पत्र्याचं. एप्रिलमध्ये आत चुलीवाचून खिचडी शिजली असती. म्हणून लिडियाबाई पोरांना शेजारीच आपल्या कौलारू, मातीच्या घरात बसवायची. जीपची धडधड आली की सगळ्यांना रांगेने पत्र्याखाली न्यायची, जीप गेली की परत आणायची. पोरांना तो कवायतीचा तास वाटायचा. आज धडधड आलीच नाही. मॅडम दारात उभ्या, पोरं ओळीने झोपलेली आणि लिडियाबाई एका पोरीच्या केसांना तेल लावतेय.

“शासनाची इमारत बंद ठेवून तुम्ही घरी अंगणवाडी भरवता? नोटीस काढावी लागेल.”

लिडियाबाईने मॅडमकडे पाहिलंच नाही. तिने भाईदासकडे पाहिलं.

“भाईदासभाऊ, आज चपला हातात घेऊन आलात का?”

“बहीण, मी काय करू? गाडीच मुकी शे.”

“गाडी मुकी. तुम्हाला काय झालं?”

मॅडमसाठी पाणी आलं. भाईदासला आलं नाही. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. त्या तांब्यासाठीच तर त्याने फुटका सायलेन्सर जिवापाड सांभाळला होता! आता येत्या बाजारापर्यंत सगळ्या पाड्यांवर बोभाटा होणार: भाईदास फितूर झाला, साहेबांना चोरपावलांनी आणतो. मग बसा खाटेवाचून.

नोटीस लिहायला मॅडमनी अंगणवाडी उघडून घेतली, आत गेल्या आणि तितक्याच वेगाने बाहेर आल्या. “मी गाडीत बसून लिहिते. एसी लावा.”

एसी लागला. नोटीस सुरू झाली. ‘कारणे दाखवा’च्या खाली मॅडमना खूप काही सुचत होतं. पुढे बसलेल्या भाईदासला बॅटरीचा आकडा उतरताना दिसत होता. सांगावं का? त्याने लिडियाबाईच्या दाराकडे पाहिलं. तुम्हाला काय झालं, असं तिने विचारलं होतं. भाईदास मुका झाला.

“चला,” मॅडम म्हणाल्या.

“आते कोठे जाशात, मॅडम? बॅटरी ते बठी गई.”

पाड्यावर जाड प्लग एकच, लिडियाबाईचा नवरा जोएल चालवायचा त्या पिठाच्या गिरणीत. जोएलने गिरणी थांबवली आणि गाडी जोडली. दळण घेऊन रांगेत उभी असलेली म्हातारी गंगीबाई ओरडली, “झालं! आता सरकारचं दळण निघेपर्यंत आमचं बंद!”

गाडी भरायला संध्याकाळ होणार होती. मॅडम थोडा वेळ आंब्याखाली बसल्या. मग गरम वारा सुटला. पत्र्याखाली जाण्याचं नावही त्यांनी काढलं नाही. मुकाट्याने लिडियाबाईच्या घरात शिरल्या. सारवलेली जमीन गार होती. लिडियाबाईने पोरांच्या ओळीच्या टोकाला गोधडी अंथरली. मॅडम बसल्या, मग टेकल्या, मग चक्क घोरायला लागल्या.

भाईदासने डोकावून पाहिलं तर लिडियाबाई मॅडमना त्यांच्याच नोटिशीने वारा घालत होती. कागद सरकारी, जाड. वारा चांगला येत होता आणि वीज अजिबात लागत नव्हती.

मॅडम जाग्या झाल्या. पंखा त्यांनी ओळखला. “द्या तो इकडे,” म्हणत घडी घालून पर्समध्ये ठेवला. कोरा चहा घेतला आणि भेटीच्या वहीत लिहिलं: ‘मुले शांत होती. छताचे काय करता येईल ते पाहावे.’

तोवर लिडियाबाईने गोठ्यातून बैलाची घुंगरमाळ आणली आणि गाडीच्या नाकाला बांधायला लागली.

“बहीण, सरकारी गाडी शे!” भाईदास घाबरला.

मॅडमनी माळेकडे पाहिलं. मग भाईदासकडे पाहिलं.

“या रस्त्याला शेळ्या फार असतात ना?”

“फार, मॅडम. मोजता येत नहीत.”

“मग राहू द्या.”

तेव्हा लिडियाबाई घरात गेली आणि भरलेला तांब्या घेऊन आली. भाईदासने तो उभ्याउभ्याच रिकामा केला. शर्ट भिजला तरी थांबला नाही.

मग ती पांढरीशुभ्र, पर्यावरणपूरक गाडी लग्नातल्या बैलासारखी छुमछुमत घाट उतरली. खालच्या पाड्यावर दवाखान्यातली शेळी ती घुंगरं ऐकून आपणहून बाहेर आली म्हणतात. नर्सबाईला आत जायला मात्र अजून थोडी सवय लागेल.