एकच भट्टी की वेगळी चूल

येडशीच्या स्टेशनवर मी उतरलो तेव्हा मला न्यायला दत्ता आला होता, पण त्याच्या आधी माकड पोचलं. रामलिंगच्या जंगलातली ही मंडळी फलाटापर्यंत येतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बायकोनं दिलेला नारळाच्या वड्यांचा डबा त्यानं माझ्या पिशवीतून इतक्या सराईतपणे काढला, की क्षणभर मला वाटलं हाच यजमान. दत्ता धावत आला तोवर डबा पत्र्याच्या छपरावर गेला होता. "जाऊ द्या सर, आमच्या गावात गोडाची कमी न्हाय," दत्ता म्हणाला. ते खरंच होतं. आम्ही निघालो होतो ते गाव खव्याचं होतं.

गावाचं नाव मी लिहिणार नाही. भूम तालुक्यातलं आहे, एवढंच सांगतो. नाव छापायचं नाही अशी अट तिथल्या सरपंचपदाच्या दोन्ही उमेदवारांनी मला घातली होती. माझ्या मुक्कामात त्या दोघींचं एकमत झालं ते फक्त या बाबतीत.

दत्ता हा माझा नाशिकच्या कॉलेजातला जुना विद्यार्थी, आता गावाकडंच जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. निवृत्त झाल्यापासून मी आमच्या पतसंस्थेच्या मासिकात अर्थकारणावर एक सदर लिहितो; ते संपादक आणि मी असे दोघे जण नियमित वाचतो. दत्तानं फोनवर सांगितलं होतं की यंदा त्याच्या गावचं सरपंचपद बाईला राखीव आहे, उभ्या असलेल्या दोघीही सुधारणावाल्या आहेत आणि दोघींच्या सुधारणा एकमेकींच्या अगदी उलट आहेत. मला तर लेखाचा मथळाही सुचला. मात्र त्या दोघींपैकी एक आपली बायको आणि दुसरी आपली थोरली वहिनी आहे, हे त्यानं येरमाळा मागं पडल्यावर जीपमध्ये सांगितलं. सरकारी नोकर म्हणून त्याला प्रचाराला बंदी होती. इतका आनंदानं पाळलेला सरकारी नियम मी पहिल्यांदाच पाहिला.

रस्ता बालाघाटाच्या उघड्या टेकड्यांमधून जातो. दोन्ही अंगांना ज्वारी कणसाला आली होती आणि तिच्यावर पाखरांची धाड पडली होती. गाव दिसण्याआधी धूर दिसला. एकेका भट्टीतून धुराचा दांडगा लोट निघत होता आणि हवेला तापलेल्या दुधाचा वास होता. इथं घरोघरी म्हशी, दूध भट्टीवाल्याकडं, भट्टीवाल्याचा खवा व्यापाऱ्याकडं, आणि व्यापारी म्हणेल तो भाव. दत्ता म्हणाला की या व्यापाऱ्याशी आजवर भर चौकात भांडलेली माणसं गावात दोनच, आणि दोघीही दत्ताच्याच घरातल्या. म्हणून एका पॅनलनं थोरलीला उभं केलं आणि दुसऱ्यानं धाकटीला.

घराच्या दाराला डावीकडं थोरल्या शोभाताईंचं पोस्टर होतं, खाली शिट्टी. उजवीकडं धाकट्या रेखाताईंचं, खाली कढई. मधून आत जाताना मी दोन्हीकडं सारखं पाहायची काळजी घेतली. आत आबा बसले होते, म्हणजे दत्ताचे वडील. त्यांनी दोन्ही सुनांना उभं राहायची परवानगी एका अटीवर दिली होती: प्रचार उंबऱ्याबाहेर. घरात निवडणुकीचं अवाक्षर नको.

ही अट किती कडक आहे ते मला जेवताना कळलं. धपाटं (ज्वारीच्या पिठाचं तिखट थालीपीठ) आणि दह्याचा गोळा पानात पडला होता, आणि मी सहज शोभाताईंना विचारलं की सहकाराबद्दल त्यांची भूमिका काय. त्यांनी उलथणं खाली ठेवलं, तरातरा उंबरा ओलांडला आणि अंगणात उभ्या राहून मला हाक मारली. मी हातातलं धपाटं घेऊन बाहेर गेलो. भूमिका ऐकून परत येतो तर रेखाताई आपली भूमिका सांगायला बाहेर निघाल्या होत्या. त्या जेवणात मी उंबरा किती वेळा ओलांडला कोण जाणे, दही मात्र मांजरानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शोभाताईंबरोबर हिंडलो. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सगळ्या गावाचं दूध एका ठिकाणी यावं, गावाची एकच मोठी भट्टी असावी, लाकडाच्या धुराऐवजी वाफेवर चालणारी, आणि पुण्या-सोलापूरला खवा गावाच्या एकाच नावानं जावा. व्यापारी मग एकेकीला गाठून दबवू शकणार नाही. ऐकणाऱ्या बायकांची हरकत वेगळीच होती. एकीनं आपल्या शेजारणीकडं पाहत विचारलं की माझ्या म्हशीचं दूध आणि हिच्या म्हशीचं पाणी एका कढईत का म्हणून ओतायचं. त्यावर जे भांडण लागलं ते शिट्टी फुंकूनच थांबवावं लागलं. चिन्हाचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला. भट्टीवर मला द्रोणभर गरम खवा मिळाला. तो खाताना मी सहकाराचा कट्टर समर्थक झालो.

दुपारी रेखाताईंबरोबर गेलो. त्यांना एकत्र भट्टीचा विचारच मान्य नव्हता. मोठी भट्टी आली की तिच्यावर पुरुषांची समिती येणार, समिती आली की चहा येणार, आणि बाई पुन्हा दुधाची कासंडी (दुधाचं भांडं) घेऊन रांगेत. त्यापेक्षा बचतगटामार्फत घरोघरी छोटं यंत्र द्यावं, जिचा खवा तिच्या नावानं विकला जावा. त्यांनी स्वतः केलेले पेढे मला दिले आणि मी सहकार सोडून खाजगी उद्यमाकडं वळलो. माझ्या वहीत संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजूंची पानं सारखीच तुपकट झाली होती.

संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढं रेखाताईंची सभा झाली. आबा पहिल्या ओळीत बसले होते. उंबऱ्याबाहेर ऐकायला त्यांची हरकत नव्हती. रेखाताई फर्मास बोलल्या. व्यापाऱ्याची नक्कल केली, समितीची नक्कल केली, लोक पोट धरून हसले. आणि मग शेवटाकडं, आवाज चढवून, त्या म्हणाल्या, "दुसऱ्याच्या जाळावर किती दिस शेकायचं? आता प्रत्येकीनं आपली चूल वेगळी मांडली पायजे."

टाळ्या पडल्या नाहीत. त्यांना म्हणायची होती भट्टी. पण भर सभेत, सासऱ्यासमोर, सून म्हणाली 'चूल वेगळी', आणि आपल्याकडं या दोन शब्दांचा अर्थ एकच होतो. घर फुटलं. आबांनी पटका सारखा केला, उठले आणि कुणाकडंही न पाहता घरी चालू लागले. घरी जाऊन त्यांनी एकच वाक्य उच्चारलं, दोन चुलींच्या घरात म्या जेवत न्हाय, आणि सोप्यात (पुढच्या ओसरीत) भिंतीला टेकून बसले.

सकाळी उठून पाहतो तर अंगणात गर्दी. तामलवाडीहून दत्ताचे मामा फटफटीवर आले होते. त्यांना कुणीतरी रातोरात फोन केला होता. एक चुलतभाऊ गवंडी होता, तो अंगणात पावलं टाकून मधली भिंत कुठून येईल याचा अंदाज घेत होता. शेजारचे एक आजोबा विहिरीचं काय ठरलं म्हणून विचारून गेले. वाटणी ठरलेलीच नाही असं दत्ता आणि त्याचा थोरला भाऊ प्रत्येकाला सांगत होते, आणि प्रत्येक जण त्यांना, धीर धरा, म्हणत होता. आबांपुढं चहा गार होत होता. मामा त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि म्हणाले, "आता आलोच हाय तर वाटणी करूनच जातो."

रेखाताई उंबऱ्याच्या आत उभ्या होत्या. डोळे सुजले होते. "म्या भट्टीचं बोलले, आबा," त्या म्हणाल्या.

"चूल म्हणलीस," आबा म्हणाले. "म्या ह्या कानांनी ऐकलं."

मला वाईट वाटलं. बाई निवडणूक तर हरल्यातच जमा होती, वर घर फोडल्याचा डाग. शोभाताईंना आता काहीच करायची गरज नव्हती. गप्प बसल्या असत्या तरी सरपंच झाल्या असत्या. त्यांच्या पॅनलचे पुढारी अंगणात उभे होते, आणि त्यांच्या तोंडावर तसा आनंद दिसतही होता.

तेवढ्यात शोभाताई आतून आल्या. हाताला भाकरीचं पीठ होतं. "रेखाला नको हाय वेगळी चूल," त्या म्हणाल्या. "मला पायजे."

आबांनी मान वर केली. "हे प्रचाराचं असंल तर उंबऱ्याबाहीर जाऊन बोल."

"हे घरातलंच हाय, आबा. लगीन होऊन आले तवापासून रोज सकाळी समद्यांना इचारते, काय करू म्हणून. मला काय खावं वाटतंय ते कुणी इचारलं न्हाय, आन् आता कुणी इचारलं तर मलाच सांगता यायचं न्हाय. घर मोडायचं न्हाय मला. शेत एक ऱ्हाऊ द्या, गोठा एक ऱ्हाऊ द्या. मला निस्ती एक चूल पायजे."

दूध घालायला निघालेल्या बायका कासंड्या घेऊन दारातच थांबल्या होत्या. भट्टीची वेळ टळून चालली तरी त्यांतली एकही हलली नाही. मला वाटलं, बिचाऱ्यांना धक्का बसला.

आबांनी रेखाताईंकडं पाहिलं, शोभाताईंकडं पाहिलं, उठले आणि गोठ्यात म्हशीपाशी जाऊन उभे राहिले. मामांनी चौफेर पाहून विचारलं, "मंग वाटणी हाय का न्हाय?" त्यांना धपाटी खाऊ घालून परत पाठवण्यात आलं.

पुढारी डोकं धरून पायरीवर बसले. स्वतःच्या घरात एक चूल चालत नाही आणि गावाला एकच भट्टी सांगते, असं आता लोक म्हणणार, हे त्यांचं दुःख होतं. मलाही ते पटलं. कार्यक्रम आणि आचरण यांत एवढी फारकत असलेला उमेदवार टिकत नाही, असं मी वहीत लिहिलं. संध्याकाळी दत्ता मला येडशीला सोडायला आला. या वेळी पिशवी मी पोटाशी धरून बसलो, आत पेढे होते.

निकालाच्या दिवशी दत्ताचा फोन आला. शोभावहिनी निवडून आल्या होत्या, आणि चांगल्या भरघोस मतांनी. पुरुषांपैकी कुणालाच हे कसं झालं ते सांगता येत नव्हतं. रेखानं कुणाला मत दिलं असं विचारलं तर ती नुसती हसते, दत्ता म्हणाला. मागच्या पडवीत दुसरी चूल मांडली होती. पहिल्या दिवशी शोभावहिनी तिच्यापुढं नुसत्याच बसून राहिल्या, काय करावं सुचेना. शेवटी रेखानं हुलग्याचे शेंगोळे (पिठाची वळलेली कडबोळी, तिखट रश्श्यात शिजवलेली) करायला लावले. आबांचं काय, असं मी भीत भीत विचारलं. "दोन्हीकडं जेवतेत, सर," दत्ता म्हणाला. "वजन वाढलंय."

मी लेख लिहायला बसलो. खाजगी उद्यमापेक्षा ग्रामीण मतदाराचा सहकारावरचा विश्वास अजून अढळ आहे, असा निष्कर्ष काढला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आमच्या घरात आली तेव्हा माझी आई होती, दोन भाऊ होते, आत्या होती. मग मी तिला सगळी हकीकत सांगितली, माकडापासून शेंगोळ्यांपर्यंत. मामांच्या वाक्याला ती हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

"तू असतीस तर कुणाला मत दिलं असतंस?" मी विचारलं.

"शोभाताईंना," ती लगेच म्हणाली. आत वळता वळता थांबली. "त्यांचं ते भट्टीचं काय म्हणणं होतं म्हणालात?"