सीटच्या आतली सीट

मी शिकलो चौथीपर्यंत, आणि तेही कन्नडात. मराठी अक्षरं लागली ती भजनाच्या पुस्तकावरून. पण माझ्या शिलाईला नाव ठेवणारा म्हैसुरात कोणी असेल तर त्यानं पुढं यावं. आमच्यात सगळे कपडे शिवणारे. मी एकट्यानं हट्टानं मोटारींच्या सीटा धरल्या. भाऊबंद म्हणाले, "शिंप्याचा मुलगा आणि कातड्याला हात लावतो?" लावतो म्हटलं. जन्मभर लावला.

जयलक्ष्मीपुरमला एक बाई राहतात. मी त्यांना अक्का म्हणतो, त्या मला अण्णा. त्यांचे यजमान परदेशात इंजिनियर होते. परतताना त्यांनी जहाजातून एक मोटार आणली. इटलीची, लाल, आणि इतकी बुटकी की आत शिरायचं म्हणजे देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यासारखं वाकावं लागे. इंजिन मागे, डिकी पुढे. रविवारी साहेब ती हुणसूर रस्त्यानं काढायचे तेव्हा बसच्या रांगेतली माणसं बस सोडून तिच्याकडे बघायची.

पुढं उन्हानं सीटांचं कातडं तडकलं. साहेब मला म्हणाले, "सगळं काढून फेक आणि नवं घाल." नवं घातलं, पण जुनं काढून फेकलं नाही. आमच्या घरात जुनं फेकायची रीत नाही. फाटकं लुगडंसुद्धा गोधडीच्या पोटात जातं, वरून नवं कापड येतं. माझ्या हाताला तेच वळण. जुन्या कातड्यावर मलमलीचा थर दिला, त्यावर नवं चढवलं आणि खालच्या कडेला हातानं टाके घालून बंद केलं. चिकटवायला काही लावलं नाही, शिवता येतं त्यानं चिकटवायचं कशाला? साहेब बसून बघून म्हणाले, "सीट जरा जाड झाली काय रे?" म्हटलं, "नवी आहे साहेब, दबेल." माझ्या हातून झालेलं ते सगळ्यात चांगलं काम. उटीपासून लोक बघायला आले होते.

साहेब गेले. नंतर अक्कांच्या दिरांनी राहत्या घरातला हिस्सा मागितला. माझे पैसे द्या, नाहीतर घर विकू. अक्का सत्तरीच्या पुढे, मूलबाळ नाही. घर गेलं असतं तर टी. नरसीपूरला भाचीच्या घरी एक खोली, एवढंच राहिलं होतं. मोटार मात्र साहेबांनी अक्कांच्या नावावर ठेवली होती. जुन्या भारी मोटारींचा लिलाव करणारी एक कंपनी येलवालच्या पुढे एका बागेत लिलाव लावणार होती, तिथे अक्कांनी मोटार दिली. मला म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही बरोबर या. मला तिथलं काही कळायचं नाही." मलाही कळणार नव्हतं. पण ते सांगायचं कशाला?

लिलावाच्या आदल्या दिवशी कंपनीचा पारखी मोटार तपासायला बसला. चाळिशीतला, मुंबईचा, गोड मराठी बोलणारा. काठीला बांधलेला आरसा घालून त्यानं मोटारीचं पोट बघितलं. इंजिनावरचा नंबर आणि सांगाड्यावरचा नंबर कागदाशी जुळवला. रंगाची जाडी यंत्रानं मोजली. काचांच्या कोपऱ्यातली बारीक छापील अक्षरंसुद्धा सोडली नाहीत.

"एवढं काय बघता?" मी विचारलं.

"कारखान्यातून निघताना जे अंगावर होतं ते आजही आहे का, ते बघतो, आजोबा. घेणारे त्यालाच पैसे मोजतात. नवं, चांगलं, चकचकीत त्यांना नको असतं."

"म्हणजे फाटकं चालतं?"

"तेव्हाचं फाटकं असेल तर सोनं."

"अय्यो, अशी गिऱ्हाइकं मला कधी भेटली नाहीत," मी म्हटलं. "आणि आजोबा तुमच्या घरी. मला मास्तर म्हणतात."

तो हसला, मास्तर म्हणाला आणि सीटकडे वळला. भिंग लावून शिलाई बघितली. नखानं चाचपली. मान हलवली.

"ही नंतरची आहे."

"कशावरून?"

"फार साफ आहे, मास्तर. एका टाक्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर बघा, कुठं केसभर फरक नाही. त्या कारखान्यात तेव्हा एवढं साफ कोणी शिवत नव्हतं."

माझी छाती फुगली. ती फुगलेलीच होती, तोवर तो अक्कांना सांगू लागला, "ताई, बाकी सगळी गाडी मूळची आहे. पण सीटा बदलल्यात, हे आम्हाला उद्या वाचून दाखवावं लागेल. बोली बरीच उतरेल."

"दिरांचा हिस्सा देण्यापुरतं तरी येईल?"

तो भला माणूस होता, त्याला खोटं बोलता येईना. "कठीण आहे," म्हणाला.

अक्कांनी पदर सारखा केला.

मग मी सांगितलं, "जुनं आत आहे."

"कुठे आत?"

"नव्याच्या आत. मी काढलंच नव्हतं."

त्याचे डोळे मोठे झाले. "दाखवा."

कडेचे टाके उसवून बघितलं. पण इतक्या वर्षांत नवं कातडं आवळून बसलं होतं, ते अखंड निघण्यातलं नव्हतं. कापावं लागणार होतं. मी कडेला चार बोटं उघडून म्हटलं, "बघा आणि लिहा."

"चार बोटांवर नाही चालत, मास्तर. घेणाऱ्याला पुरी सीट दिसली पाहिजे. आणि आत ओल धरून कुजलं असेल, तर तुमचंही गेलं आणि तेही गेलं."

"मग मी कापत नाही."

"तुमची मर्जी."

मी जाऊन चिंचेखाली बसलो. म्हटलं, बसू दे ह्याला आरसे लावत. माझं एवढं काम मी माझ्याच हातानं चिरू, आणि कशाला, तर खाली कोणा आळशानं घातलेले टाके दिसावेत म्हणून?

थोड्या वेळानं अक्का आल्या. कापा म्हणाल्या असत्या तर मी उठलो नसतो. माझा स्वभावच तसा. पण त्या म्हणाल्या, "बेडा, अण्णा. राहू दे. ह्यांना फार आवडायचं तुमचं काम. नरसीपूर काही वाईट नाही, नदी आहे."

"तुम्हाला विचारलंय का?" मी म्हटलं. "काम कोणाचं?"

"तुमचं."

"मग सुम्ने, गप्प बसा."

पारखी सुरी घेऊन पुढं आला, मी त्याला हात लावू दिला नाही. माझीच सुरी काढली. सरळ रेघेत कापलं. चिरतानाही कड वाकडी जाऊ दिली नाही. खाली मलमल, पिवळी पडलेली पण कोरडी. ती उचलताना माझा हात थांबला, हे खरं आहे. मग उचलली.

खाली जुनं कातडं तसंच होतं. तडकलेलं, उडालेल्या रंगाचं, खांद्यापाशी शिवण सरळ निघून मध्येच वळलेली. पारखी गुडघ्यावर बसला आणि त्यानं श्वास सोडला. इतर मोटारी बघायला आलेले लोक जमले. एकानं टाळ्या वाजवल्या.

मला राग आला. "टाळ्या कसल्या? शिवण बघा, वाकडी आहे!"

"हो ना! वाकडी आहे!" तो माणूस नाचायचाच बाकी होता. बंगळूरचा होता, डोक्यावर टोपी. दुसऱ्या दिवशी बोली लावायला तोच पहिल्या रांगेत बसला.

त्याच्यासमोर फोनवरून बोली लावणारा कोणी परका होता. दोघं चढत गेले. आकडे इंग्रजीत, तेही भरभर. अक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. पारखी मागे येऊन उभा राहिला आणि खाली वाकून म्हणाला, "ताई, हिस्स्याचे पैसे सुटले." बोली तरीही चालूच होती. टोपीवाल्यानं शेवटी हात वर केला, फोन गप्प झाला, हातोडा पडला.

अक्कांना रडू येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी पिशवीतून मोबाइल काढून माझ्या हातात दिला. "दिरांचा नंबर लावा."

लावला. त्या उभ्या राहिल्या, चष्मा नीट केला आणि एवढंच बोलल्या, "भावोजी, घरातला तुमचा हिस्सा मी घेते. वकिलांना सोमवारी पाठवा. चहा मी करीन."

फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "चला, अण्णा. सकाळपासून पोटात काही नाही."